तंजावर : देवालय आणि दरबार

(दक्षिण भारताच्या अभ्यासयात्रेला निघणाऱ्या कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या यात्रेत एक पूर्ण दिवस तंजावरसाठी राखला आहे. बहुतेक प्रवासी तेथे मंदिर पाहतात, राजवाड्याची छायाचित्रे घेतात आणि पुढच्या गावी निघतात. मराठी माणसाने तंजावर असे घाईने पाहू नये. देवालय आणि दरबार ही तेथील दोन्ही स्थळे एकत्र वाचावीत, एवढेच सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

प्रथम बृहदीश्वराच्या दर्शनाला जा. राजराज चोळाने उभारलेले हे मंदिर इ.स. १०१० मध्ये पूर्ण झाले. ग्रॅनाइटचे ते विमान दोनशे फुटांहून उंच आहे. शिखर न्याहाळून झाले की भिंतीच्या पायथ्याकडे वळा. तेथे तमिळ शिलालेखांच्या ओळीच्या ओळी आहेत. देवाला कोणी किती सुवर्ण अर्पिले, नंदादीपांच्या तुपाची व्यवस्था कशी केली, याची त्यांत नोंद आहे. मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तिकांची नावेदेखील आहेत. सम्राटाने आपल्या नावाबरोबर सेवकांची नावेही दगडात अमर केली.

याच आवारात एक दीर्घ मराठी शिलालेख आहे. तो आहे भोसले कुळाचा इतिहास. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत त्यांचे घराणे तेथे नांदले. हा लेख कोरविला सरफोजीराजे दुसरे यांनी, १८०३ साली. हे वर्ष ध्यानात ठेवा. १७९९च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व तनखा एवढेच उरले होते. अशा वेळी त्यांनी आपल्या कुळाची कथा आठशे वर्षांपूर्वीच्या तमिळ सम्राटाच्या देवालयात, ईश्वराच्या साक्षीने ठेवली. जिंकलेल्या भूमीचे दैवत या घराण्याने आपले मानले होते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

तेथून राजवाडा जवळच आहे. त्याची उभारणी नायक राजांनी केली आणि मराठ्यांनी तो वाढविला. दरबारात सरफोजींचा संगमरवरी पुतळा दिसेल. तो हात जोडून उभा आहे. याच वास्तूत सरस्वती महाल हे ग्रंथालय आहे. नायकांच्या काळापासून चालत आलेला हा संग्रह सरफोजींनी अपार वाढविला. श्वार्ट्झ या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. पाश्चात्त्य विद्या त्यांनी आवडीने आत्मसात केली, पण काशीयात्राही केली आणि पोथ्या जमविल्या. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी अशा हस्तलिखितांचे ते भांडार आहे. व्यंकोजीपुत्र शहाजीराजांनी तर एकाच नाटकात पाच भाषा नांदविल्या होत्या. मराठीपण जपावे आणि तमिळ भूमीशी एकरूपही व्हावे, यात त्या घराण्याला विरोध वाटला नाही. आज भाषेवरून मने दुभंगताना दिसतात, तेव्हा हा धडा मोलाचा आहे.

आता थोडे कटू बोलतो. याच ग्रंथालयात तंजावर दरबाराच्या मोडी कागदांची बाडे आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या लिपीत हिशेब लिहिले, तीच ही लिपी. आज आपल्यापैकी किती जणांना ती वाचता येते? तमिळ भूमीने हे कागद जपले. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्र नसताना निवर्तले आणि कंपनीने राज्य खालसा केले. तरीही ग्रंथ टिकले आणि १९१८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. कागद वाचले, पण ते वाचणारे आपण मात्र उणे पडलो. पूर्वजांचा अभिमान मिरवणे सोपे असते. त्यांचे अक्षर लावण्यासाठी चार महिने खर्च करणे अवघड वाटते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाकडे माझे एकच मागणे आहे. यात्रेहून परतल्यावर घरातील निदान एकाने मोडी शिकायला प्रारंभ करावा. मुलांना सोबत घेतलेत तर अधिक उत्तम. तंजावरच्या दालनांतून पुन्हा जाल, तेव्हा तेथील कागद तुमच्याशी बोलू लागतील.

आपली यात्रा सुफल होवो.