‘विश्वसनीय सूत्र’ म्हणजे कोण?



‘विश्वसनीय सूत्रांकडून कळते की’ हे शब्द घरोघरी रोज वाचले जातात. सूत्र म्हणजे दोरा. त्याचे दुसरे टोक कोणाच्या हाती असते, तो मनुष्य माहिती का देतो आणि पत्रकाराने त्याच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. बोफोर्स प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. कारण त्यातील सूत्र, पंचवीस वर्षांनी का होईना, स्वतःच पुढे आले.

मार्च १९८६ मध्ये भारत सरकारने बोफोर्स या स्वीडिश कंपनीशी ४१० तोफांचा सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार केला. १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश नभोवाणीने या व्यवहारात लाच दिली गेल्याचे वृत्त दिले. दिल्लीने तत्काळ इन्कार केला. येथवरची बातमी सर्वांच्याच हाती होती. पुढची बातमी कोठे असेल, हे ओळखण्यात पत्रकाराचा कस लागतो. पैसा कोणाच्या खात्यात गेला, हे दिल्लीच्या पत्रकार परिषदेत कोणी सांगणार नव्हते. ते ठाऊक असणारी माणसे थोडी : कंपनीचे अधिकारी, बँका, लेखापरीक्षक आणि तपास करणारे पोलीस. जिनिव्हाहून ‘द हिंदू’साठी लिहिणाऱ्या चित्रा सुब्रमण्यम यांनी हा माग धरला आणि त्या स्वीडनमधील पोलीस तपासाचे प्रमुख स्टेन लिंडस्ट्रॉम यांच्यापर्यंत पोहोचल्या.

१९८८ च्या आरंभी स्वीडनच्या सरकारी अभियोक्त्याने तपास थांबवला. स्वीडनचे सरकार, बोफोर्स कंपनी किंवा भारत सरकार यांपैकी कोणीही या प्रकरणाच्या मुळाशी जाणार नाही, अशी लिंडस्ट्रॉम यांची खात्री झाली होती. साडेतीनशेहून अधिक कागद त्यांनी चित्रा सुब्रमण्यम यांच्या हाती दिले.

कागद मिळाला म्हणजे बातमी झाली, असे मात्र नसते. परक्या भाषेतील मजकूर समजून घ्यावा लागतो, तारखा आणि रकमा एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. येथे तर ‘लोटस’, ‘ट्यूलिप’, ‘माँ ब्लाँ’ अशी सांकेतिक नावे होती. स्वीडनच्या लेखापरीक्षण विभागाने जून १९८७ मध्येच रकमा दिल्या गेल्याचे नमूद केले होते; नवे कागद त्या अहवालाशेजारी ठेवून पाहता येत होते. ‘द हिंदू’ने १९८८ मध्ये कागदपत्रांच्या प्रतिमाच छापल्या, म्हणजे वाचकालाही पारख करता आली. बोफोर्सचे प्रमुख मार्टिन आर्डबो यांच्या दैनंदिनीत तर अद्याक्षरे होती. अद्याक्षरावरून तर्क करता येतो, आरोप सिद्ध होत नाही.

सूत्राचा हेतू तपासला नाही तर काय होते, याचे उदाहरणही याच प्रकरणात आहे. लिंडस्ट्रॉम यांच्या कथनानुसार, १९९० च्या आरंभी स्वीडनला आलेल्या भारतीय तपास पथकाने अमिताभ बच्चन यांचे नाव तेथील ‘डागेन्स निहेटर’ या वृत्तपत्राकडे सरकवले. पथक सरकारी, म्हणजे वरवर पाहता याहून विश्वसनीय सूत्र कोणते! वृत्तपत्राने ते छापले. बच्चन कुटुंबीय न्यायालयात गेले आणि वृत्तपत्राला क्षमा मागावी लागली.

लिंडस्ट्रॉम यांचीही पत्रसृष्टीविषयी एक तक्रार होती. कागद मिळवण्यासाठी इतरांनी पत्करलेल्या धोक्याची पर्वा न करता ‘द हिंदू’ने ते आपल्या सवडीने छापले, असे त्यांचे म्हणणे. संपादकाला छपाईचा दिवस ठरवण्याचा अधिकार असतो हे खरे. पण तोवर नोकरी आणि नाव पणाला लागलेला मनुष्य दूर कोठेतरी वाट पाहत असतो.

त्या मनुष्याचे नाव एप्रिल २०१२ मध्ये, त्याच्याच संमतीने, चित्रा सुब्रमण्यम यांनी घेतलेल्या मुलाखतीतून जगाला कळले. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००४ मध्येच राजीव गांधी यांच्यावरील लाचखोरीचे आरोप रद्द केले होते. त्यांनी लाच घेतल्याचा पुरावा नाही, असे लिंडस्ट्रॉम यांनीही या मुलाखतीत सांगितले. मात्र प्रकरण दडपले जात असताना ते पाहत राहिले, असेही सांगितले. बोफोर्सच्या घोषणा देत निवडणूक लढवलेल्यांना यातले दुसरे विधान तेवढे हवे होते, काँग्रेसजनांना पहिले. चित्रा सुब्रमण्यम यांनी दोन्ही छापली.