उत्तर हाती असलेला माणूस



दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम चालवणाऱ्या माणसासाठी मराठीत दोन शब्द आहेत : सूत्रसंचालक आणि निवेदक. पहिल्या शब्दात अधिकार आहे, कारण सूत्रे त्याच्या हाती असतात. दुसऱ्यात विनय आहे, कारण निवेदन नेहमी दुसऱ्या कुणापुढे करायचे असते. प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमात हे दोन्ही गुण एकाच माणसात लागतात आणि तेथेच अडचण सुरू होते. उत्तर ज्याच्या हातातल्या कागदावर लिहिलेले आहे आणि चूक की बरोबर हे ज्याने सांगायचे आहे, त्याचा अधिकार मोठा असतो. तो अधिकार विनयाला सहज गिळून टाकू शकतो. अमेरिकेतील ‘जेपर्डी!’ हा कार्यक्रम १९८४ पासून २०२० पर्यंत सलग चालवणारे अ‍ॅलेक्स ट्रेबेक यांच्या कारकिर्दीचा विचार मला याच अंगाने करायचा आहे. माझे म्हणणे एका वाक्यात असे : सूत्रसंचालकाची खरी कमाई लोकप्रियता नसून विश्वास आहे आणि हा विश्वास मोहक वागण्यातून येत नाही, हातातली सत्ता आवरून वापरण्यातून येतो.

विश्वासाचा प्रश्न येथे इतका महत्त्वाचा का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९५० च्या दशकात अमेरिकी दूरचित्रवाणीवर मोठ्या बक्षिसांच्या प्रश्नमंजूषांचे पेव फुटले होते. ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात स्पर्धक काचेच्या बंद खोलीत उभे राहून, घाम पुसत, उत्तरे आठवत असल्याचे लोक पाहत होते. कोलंबिया विद्यापीठातील तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन त्यातून देशभर नावारूपाला आले. पुढे उघड झाले ते असे की प्रश्न आणि उत्तरे त्यांना आधीच दिली जात होती आणि त्यांच्यापुढे हरलेल्या हर्बर्ट स्टेम्पेल यांना हरायला सांगितले गेले होते. नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेन यांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे कबुली दिली आणि १९६० मध्ये अशी लबाडी कायद्याने गुन्हा ठरली. फसवणूक केवळ पैशांची नव्हती. विद्वत्तेचा आदर करणाऱ्या लाखो घरांना विद्वत्तेचे सोंग दाखवले गेले होते. त्यानंतर प्रश्नमंजूषा या प्रकाराकडेच लोक संशयाने पाहू लागले. मर्व्ह ग्रिफिन आणि त्यांच्या पत्नी ज्युलॅन यांच्या बोलण्यातून त्या काळात एक कल्पना निघाली : उत्तरे दिल्याचा आरोप होतो ना, मग उत्तरच उघडपणे द्यावे आणि स्पर्धकाकडून प्रश्न मागावा. ‘जेपर्डी!’चा जन्म असा झाला. १९६४ ते १९७५ या काळात आर्ट फ्लेमिंग यांनी तो चालवला. १० सप्टेंबर १९८४ रोजी तो नव्या रूपात परतला, तेव्हा सूत्रे चव्वेचाळीस वर्षांच्या ट्रेबेक यांच्याकडे आली.

त्यांची घडण या कामाला पोषक होती. त्यांचा जन्म २२ जुलै १९४० रोजी कॅनडातील सडबरी या खाणींच्या गावात झाला. वडील युक्रेनमधून आलेले, हॉटेलात स्वयंपाकी. आई फ्रेंच भाषक कॅनेडियन. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा लहानपणापासून कानावर पडल्या. ओटावा विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आणि १९६१ मध्ये ते कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेत दाखल झाले. दोन्ही भाषांत निवेदन करू शकणारा माणूस म्हणून त्यांना तेथे बातम्यांपासून खेळांपर्यंत सगळे करावे लागले. १९६६ पासून त्यांनी शाळकरी मुलांच्या ‘रीच फॉर द टॉप’ या प्रश्नमंजूषेचे संचालन केले. १९७३ मध्ये ते अमेरिकेत आले आणि पुढची अकरा वर्षे एक कार्यक्रम बंद पडला की दुसरा, अशी गेली. सरकारी प्रसारणाच्या शिस्तीत वाढलेल्या निवेदकाला नावाचा उच्चार अचूक हवा, वाक्य ठरल्या वेळेत संपायला हवे आणि स्वतःचे मत आवाजात डोकावायला नको, हे अंगवळणी पडलेले असते. ट्रेबेक यांनी ही शिस्त अमेरिकेतल्या व्यापारी दूरचित्रवाणीच्या झगमगाटात टाकून दिली नाही.

आता त्यांच्या प्रत्यक्ष कामाकडे पाहू. ‘जेपर्डी!’च्या एका भागात तीन स्पर्धकांपुढे दोन फेऱ्यांत तीस-तीस आणि शेवटी एक, अशी एकूण एकसष्ट सूचक विधाने येतात. सुमारे बावीस मिनिटांच्या खेळात एवढे सगळे बसवायचे तर एक शब्दही वाया घालवता येत नाही. १९८५ पर्यंत विधान पूर्ण होण्याआधीच बटण दाबण्याची मुभा होती. त्या वर्षी नियम बदलला. निवेदकाने शेवटचा शब्द उच्चारला की पडद्यामागचा एक माणूस कळ दाबतो, फलकाच्या कडेचे दिवे लागतात आणि मगच बटणे चालू होतात. घाई करणाऱ्याचे बटण क्षणभर बंद राहते. वरवर ही तांत्रिक बाब आहे, पण तिचा अर्थ असा की निवेदकाचे वाचन हेच खेळाचे घड्याळ झाले. वाचन अडखळले, एखाद्या नावाशी जीभ अडली, तर अन्याय स्पर्धकावर होणार. म्हणून चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी ट्रेबेक त्या दिवसाच्या पाचही भागांची, म्हणजे तीनशेहून अधिक विधाने वाचून काढत, उच्चारांच्या खुणा करत आणि संदिग्ध वाटलेल्या विधानांवर लेखकांशी चर्चा करत. विधाने त्यांनी पाहिलेली असत, म्हणून खेळाआधी ते स्पर्धकांना भेटत नसत. घोषणेत आपला उल्लेख ‘तारा’ असा न करता ‘यजमान’ असा व्हावा, हा आग्रहही त्यांचाच. त्यांच्या आधीच्या काळात संचालकाला ‘तारा’ म्हणूनच पुकारले जाई. या तिन्ही गोष्टींमागचे तत्त्व एकच आहे : खेळ स्पर्धकाचा आहे.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे वेगळेपण ‘कौन बनेगा करोडपती’शी तुलना केल्यास चटकन उमगेल. जुलै २००० मध्ये सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात, आणि पुढे त्याच्या मराठी अवतारातही, एकच स्पर्धक समोर बसतो आणि संचालक वेळ लांबवतो. तो गप्पा मारतो, उत्तर पक्के का विचारतो, शांतता ताणून धरतो. तेथे संचालकाचे व्यक्तिमत्त्व हा खेळाचाच भाग असतो आणि अमिताभ बच्चन यांनी त्यात आदर व आपुलकी ओतून त्याला उंची दिली. ट्रेबेक यांचा खेळ वेळ आवळतो. तेथे संचालकाने थोडी जरी जास्त जागा घेतली, तरी ती स्पर्धकाच्या वाट्यातून जाते. दोन्ही रीती चांगल्या असू शकतात. पण विश्वास संयमातून कसा तयार होतो, हे दुसऱ्या रीतीत अधिक स्वच्छ दिसते.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. उत्तरे कागदावर लिहिलेली असताना विद्वान दिसणे काय अवघड? शिवाय चुकलेल्या स्पर्धकाला दुरुस्त करताना ट्रेबेक यांच्या सुरात कधी कधी मास्तरकी जाणवे. त्यांच्या शुद्ध फ्रेंच उच्चारांची आणि त्या सुराची नक्कल विनोदी कार्यक्रमांनी वर्षानुवर्षे केली. हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. सूर कधी चढत असे, हे खरे. पण उत्तरे ठाऊक असणे हे त्यांचे कर्तृत्व आहे, असे कोणी म्हणतच नाही. न्यायाधीशासमोरही कायद्याचे पुस्तक उघडेच असते. आपण त्याची परीक्षा पाठांतरावर करत नाही, निर्णयाच्या निःपक्षपातावर करतो. ‘जेपर्डी!’त लेखक आणि परीक्षक खेळ चालू असतानाच संदिग्ध उत्तरे तपासतात आणि आधीचा निर्णय चुकीचा निघाला तर स्पर्धकाचे गुण परत दिले जातात. ही दुरुस्ती ट्रेबेक सर्वांसमोर, स्वतःच्या तोंडाने जाहीर करत. हाती उत्तर असलेल्या माणसाने आपली चूक झाल्याचे खुलेपणाने सांगणे ही मला त्याच्या विद्वत्तेपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नद्यांची, राजांची, नाटककारांची नावे सांगणे म्हणजे माहिती. ज्ञान ते नव्हे. मग अशा खेळाच्या संचालकाला सांस्कृतिक मोठेपण कशासाठी द्यायचे? माहिती आणि ज्ञान यांतला भेद खराच आहे आणि तो पुसण्याची माझी इच्छा नाही. पण लोक येथे माहितीचा साठा पाहायला येत नाहीत, याचा पुरावा २०११ मध्ये मिळाला. आयबीएमच्या ‘वॉटसन’ या संगणकप्रणालीने या खेळातल्या दोन सर्वोत्तम विजेत्यांना हरवले. माहितीच महत्त्वाची असती, तर खेळ त्या दिवशी संपायला हवा होता. तो संपला नाही. लोक पाहत होते ती माणसाची धडपड. ग्रंथपाल, शिक्षक, वकील, विद्यार्थी अशी साधी माणसे कुतूहलापोटी वर्षानुवर्षे वाचत आलेली आणि त्या वाचनाला एका संध्याकाळी मान मिळालेला. २००४ मध्ये केन जेनिंग्ज नावाचे संगणक अभियंते सलग ७४ खेळ जिंकले आणि पंचवीस लाख डॉलरहून अधिक रक्कम घेऊन गेले, तेव्हा देशाने एका वाचणाऱ्या माणसाला खेळाडूसारखे डोक्यावर घेतले. आणखी एक गोष्ट आहे. ज्या समाजात वस्तुस्थितीवरच एकमत होईनासे होते, तेथे रोज अर्धा तास का होईना, हे बरोबर आणि ते चूक असे शांतपणे सांगणारी आणि सर्व बाजूंच्या लोकांनी मान्य केलेली एक जागा असणे, हे मूल्य लहान नाही.

तिसरा आक्षेप असा की हे सारे यश साच्याचे आहे आणि त्या साच्यात कोणीही बसला असता. याचे उत्तर ट्रेबेक यांच्या मृत्यूनंतरच्या घटनांत आहे. २०२१ मध्ये कार्यक्रमाने पाहुण्या संचालकांची मोठी रांग आजमावली. ऑगस्टमध्ये कार्यकारी निर्मात्यांचीच कायम नेमणूक जाहीर झाली. त्यांची जुनी आक्षेपार्ह वक्तव्ये समोर आली आणि काही दिवसांतच त्यांना बाजूला व्हावे लागले. साचा तोच होता, विधाने तीच, फलकही तोच. तरीही प्रेक्षकांनी त्या जागेवर कोण उभा राहणार, याची कसून तपासणी केली. ती जागा अशी तोलून पाहावी असे लोकांना वाटले, ते ट्रेबेक यांनी तिला जे वजन दिले होते त्यामुळे. पुढे ती जेनिंग्ज यांच्याकडे आली आणि २०२३ च्या अखेरीपासून ते एकटेच कार्यक्रम सांभाळत आहेत. कार्यक्रम टिकला, यात मला ट्रेबेक यांचा पराभव दिसत नाही. त्यांनी स्वतःचे स्तोम माजवले असते, तर ते गेल्यावर मागे पोकळी राहिली असती. त्यांनी एक पद घडवले, म्हणून त्या पदाला वारस मिळू शकला.

मग शेवटी एक शंका उरते. जो माणूस स्वतःला मागे ठेवत होता, त्याच्यासाठी लोक इतके हळहळले का? ६ मार्च २०१९ रोजी ट्रेबेक यांनी छोट्या चित्रफितीतून स्वादुपिंडाचा कर्करोग चौथ्या टप्प्यात असल्याचे सांगितले. आडपडदा ठेवला नाही आणि गहिवरही काढला नाही. उपचार घेत, वेदना सोसत ते काम करत राहिले. त्याच वर्षी एका खेळाच्या अखेरच्या फेरीत एका विद्यार्थी स्पर्धकाने उत्तराऐवजी त्यांच्यावरील प्रेम व्यक्त करणारी ओळ लिहिली. ती वाचताना त्यांचा आवाज भरून आला, आणि मग त्यांनी खेळ पुढे नेला. २९ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी शेवटचे चित्रीकरण केले आणि ८ नोव्हेंबरला, दहाच दिवसांनी, ते गेले. तोवर या कार्यक्रमाचे आठ हजार दोनशेहून अधिक भाग त्यांच्या नावावर जमा झाले होते. जानेवारी २०२१ मध्ये दाखवल्या गेलेल्या त्यांच्या अखेरच्या आठवड्याच्या सुरुवातीला त्यांनी प्रेक्षकांना एवढेच सांगितले की करोनाच्या साथीने पोळलेल्या माणसांसाठी ज्याला जे जमेल ते करा. स्वतःच्या दुखण्याबद्दल ते त्या वेळी काहीच बोलले नाहीत.

शंकेचे उत्तर येथेच आहे, असे मला वाटते. सदतीस हंगाम ज्या आवाजाने कुणाची बाजू घेतली नाही, त्या आवाजाने मदत करा म्हटले तेव्हा त्यात स्वार्थ असेल असे कुणाच्या मनात आले नाही. संयमाने साठवलेला विश्वास असा एखाद्या क्षणी उपयोगी पडतो. ध्वनिक्षेपक आज पुष्कळांच्या हाती आहे आणि आपल्यापाशी उत्तर आहे असे प्रत्येकाला वाटते. अशा वेळी विधान नीट वाचणारा, समोरच्याला पूर्ण संधी देणारा आणि स्वतःची चूक जाहीरपणे सुधारणारा माणूस आपण मागून घेतला पाहिजे. तसा माणूस मिळतो का हे पाहणे ही जितकी व्यासपीठावरच्यांची, तितकीच समोर बसलेल्या आपली जबाबदारी आहे.