विम्याचा कागद नेमका कोणासाठी?

जातीवर, अंधश्रद्धेवर, मुलांच्या मराठीवर आपण इथे नेहमी बोलतो. आज मी मोटारीच्या विम्यावर बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण आतला प्रश्न सामाजिक आहे. ज्याच्या हातून अपघात होण्याची शक्यता जास्त, त्या चालकाकडून आपण विम्याचा पुरावा का मागतो?

अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांपैकी काहींना 'एसआर-22' हे नाव ठाऊक असेल. दारू पिऊन गाडी चालवली किंवा विम्याशिवाय पकडले गेले, की तिथली बरीच राज्ये लायसन्स परत देताना हा दाखला मागतात. विमा कंपनी तो थेट राज्याच्या वाहन खात्याकडे पाठवते. साधारण तीन वर्षे तो चालू ठेवावा लागतो. मध्येच पॉलिसी बंद पडली तर कंपनीच खात्याला कळवते. म्हणजे तिथे पुरावा माणसाला चिकटवला आहे.

अमिरातीत असा वेगळा दाखला नाही. इथे पुरावा गाडीला चिकटवला आहे. विमा नसेल तर मुल्किया मिळत नाही. नोंदणी बारा महिन्यांची आणि पॉलिसी तेरा महिन्यांची असते, ती यासाठी की नूतनीकरणाला थोडा उशीर झाला तरी संरक्षण तुटू नये. विम्याशिवाय गाडी चालवताना सापडल्यास 2017 च्या नियमांनुसार 500 दिरहम दंड, 4 ब्लॅक पॉइंट आणि 7 दिवस गाडी जप्त. चालकाचा हिशेब वेगळा ठेवला जातो: 24 पॉइंट भरले की लायसन्स निलंबित. दारू पिऊन चालवल्याचे एका फटक्यात 23.

ही विभागणी मला महत्त्वाची वाटते. शिक्षा लायसन्सवर होते. विमा मात्र शिक्षेसाठी नाही. तो समोरच्या अनोळखी माणसासाठी आहे.

1 जानेवारी 2017 पासून इथे सर्व कंपन्यांना एकच नमुना पॉलिसी लागू झाली. त्यात थर्ड पार्टीच्या मालमत्तेचे नुकसान 20 लाख दिरहमपर्यंत भरून मिळते. इजा किंवा मृत्यू झाल्यास कोर्ट ठरवेल ती रक्कम. मृत्यूच्या भरपाईला इथे दिया म्हणतात आणि ती 2 लाख दिरहम आहे. शेख झायेद रोडवर आपली गाडी ठोकली गेली तर आपल्याला मनस्ताप होतो. पण लेबर कॅम्पजवळ रस्ता ओलांडणारा मजूर किंवा मोटरसायकलवरून जेवण पोचवणारा मुलगा गेला, तर गावाकडचे एक घर बसते. हा कागद त्या घरासाठी आहे.

काहीजण म्हणतात, बेदरकार माणसाला विमाच देऊ नये. मला हे पटत नाही. त्याचे लायसन्स जरूर काढून घ्या. पण जोवर तो रस्त्यावर आहे तोवर त्याच्यामागे विमा हवाच, कारण त्याच्याकडूनच धोका जास्त आहे. त्याला विम्याबाहेर ढकलले तर तो चोरून गाडी चालवेल आणि भुर्दंड पडेल तो जखमी माणसाला.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. मुलगा पंचविशीच्या आतला आहे किंवा लायसन्स नवे आहे, म्हणून प्रीमियम चढतो. मग गाडी वडिलांच्या नावावर आणि रोज चालवणार मुलगा, ही युक्ती सर्रास सांगितली जाते. ती करू नका. विमा घेताना महत्त्वाची माहिती लपवली, चालक नशेत होता, त्याच्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचे लायसन्स नव्हते, किंवा जादा माणसे कोंबल्यामुळेच अपघात झाला, असे सिद्ध झाले तर कंपनी पीडिताला पैसे देते आणि नंतर ते आपल्याकडून वसूल करू शकते. भारतातही कोर्टे कंपनीला 'आधी द्या, मग वसूल करा' असा आदेश देतात. तत्त्व न्याय्य आहे. चालकाच्या अपराधाची किंमत पीडिताने का मोजावी?

आता थोडे कडू बोलतो. आपल्यातले बरेचजण इंजिनियर आहेत, मॅनेजर आहेत. साइटवरच्या पिकअप आणि मिनीबस कोण चालवतो, त्याचे लायसन्स कोणत्या वाहनाचे आहे, गाडीत किती माणसे बसतात, हे आपल्या सहीने ठरते. "आजच्या दिवस तूच ने रे गाडी" असे फोरमनने सांगितले आणि आपण कानाडोळा केला, तर त्या क्षणी एक साधा मजूर जोखमीचा चालक होतो. त्याला नाही म्हणण्याची सोय नसते. बाराशे-पंधराशे दिरहम पगारावर लाखांची वसुली अंगावर आली तर तो जन्मभर फेडत राहील. अशी जोखीम त्याची नसते, आपण त्याच्यावर लादलेली असते.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, पॉलिसीत खरी माहिती द्यावी, चार पैसे जास्त पडले तरी. दोन, उद्या कामावर गेल्यावर साइटच्या गाड्यांची पॉलिसी, चालकांची लायसन्स आणि मंजूर आसनसंख्या एकत्र ताडून पाहावी. तीन, अपघातात गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला वारस दाखला, मुखत्यारपत्र आणि त्यांचे साक्षांकन यांसाठी मदत करणारा एक गट आपण बांधावा. पैसे मंजूर होऊ शकतात, पण कागदांअभावी ते गावापर्यंत पोचत नाहीत. आपल्याला इंग्रजी येते, कार्यालयांच्या पायऱ्या चढायची भीती वाटत नाही. पुरोगामी म्हणवून घेणाऱ्यांनी निदान एवढे करायला हरकत नाही.

तिसऱ्या कामासाठी ज्यांना महिन्याला दोन तास देता येतील, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे.