दार उघडे हवे, पण वेळेवर उघडायला हवे



मुंबईच्या गोदीचा जन्म १७३५ सालचा. जहाजे बांधायला जाणते हात हवेत, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेच्या लवजी नसरवानजी वाडियांना सुतारांसह मुंबईला बोलावून घेतले. ना जाहिरात, ना परीक्षा! आज त्या परिसरात नौदलाची गोदी आहे आणि तिथे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे हजारो नागरी कामगार राबतात.

मग आजही कसबी माणूस असाच थेट बोलावून का घेऊ नये? आपल्या राज्यघटनेच्या १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी दिली आहे. साहेबांच्या ओळखीचा तेवढा आत आणि बाकीचे फाटकाबाहेर, हे आता चालायचे नाही. मागल्या दाराने आलेल्याला कायम होण्याचा हक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००६ साली उमादेवी खटल्यात बजावले.

तेव्हा दार सर्वांना उघडे हवेच. प्रश्न आहे तो दारापुढच्या रांगेचा. रेल्वेने २०१९ च्या आरंभी स्टेशनमास्तर, लिपिक वगैरे पस्तीस हजारांवर जागांची जाहिरात दिली. अर्ज आले सव्वा कोटीच्या घरात. पहिली परीक्षा सुरू झाली २०२० च्या डिसेंबरअखेर आणि तिचा निकाल लागला २०२२ च्या जानेवारीत. मध्ये कोविडची साथ होती, हे खरे. परंतु आयटीआयमधून निघालेला चांगला वेल्डर एवढा थांबेल का? घरी चूल पेटायची असते. तो खाजगी कारखान्यात जातो, तिथेच रुळतो. सरकारच्या वाट्याला मग ज्याला थांबणे परवडले तोच येतो.

बरे, परीक्षा तर एका दिवसाची. वेळ खातात ते कागद, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना. याला उपाय आहेत, काही झालेही आहेत. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या श्रेणींतल्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. पोलीस चौकशीचा कागद येईपर्यंत नेमणूक अडवू नये, उमेदवाराच्या लेखी हमीवर तात्पुरती द्यावी, असेही त्याच वर्षी ठरले. म्हणजे एका कामासाठी दुसरे खोळंबले नाही आणि कसोटीही सैल झाली नाही.

आणखी एक गोष्ट सहज करण्याजोगी आहे. कोणता कामगार कोणत्या तारखेला निवृत्त होणार, हे त्याच्या सेवापुस्तकावरून कितीतरी वर्षे आधी कळते. मग त्याने निरोपाचा नारळ हातात घेतल्यावरच जाहिरात का निघावी? ती वर्षभर आधी निघाली, तर नवा मुलगा जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली चार महिने उभा राहील. कुठल्या सांध्याला किती आच द्यावी, हे पुस्तकात वाचून येत नाही. ते शेजारी उभे राहून शिकावे लागते. मिस्त्री घरी गेला की त्याच्याबरोबर ती विद्याही जाते, आणि रिकाम्या जागेला कुणी शिकवू शकत नाही!