मागावी न लागणारी भाषा



आजचा विषय वेल्सचा असला तरी सुरुवात घरपट्टीपासून करावी लागते. दक्षिण वेल्समध्ये लानेली शहराजवळ लांगेनेक नावाचं गाव आहे. (तिथला जोड ‘ल’ जिभेच्या कडेने वारा सोडत म्हणायचा असतो. मला तो जमत नाही. साधा ‘ल’ चालवून घ्या.) १९५२ मध्ये ट्रेवोर आणि आयलीन बीझली हे नवं जोडपं त्या गावात राहायला आलं. ते खाणकामगार, त्या शिक्षिका. लानेलीच्या ग्रामीण कौन्सिलकडून घरपट्टीची नोटीस आली, ती इंग्रजीत. बीझलींनी उलट कळवलं, नोटीस वेल्शमध्ये पाठवा, मगच पैसे भरू. कौन्सिलने नकार दिला. मग समन्स आलं, मग जप्ती आली. बेलिफ घरातलं फर्निचर उचलून नेऊ लागले, पियानोही गेला. सोळा वेळा कोर्टात उभं राहावं लागलं. अखेर १९६० मध्ये कौन्सिलने दोन्ही भाषांत छापलेली नोटीस धाडली आणि हे प्रकरण मिटलं.

वेल्समध्ये ही गोष्ट सांगतात ती त्यागाची म्हणून, आणि ते रास्तच आहे. पण मला तिच्यातली दुसरी एक बाजू जास्त महत्त्वाची वाटते. लांगेनेकच्या परिसरात तेव्हा बहुसंख्य लोक वेल्श बोलत. कौन्सिलचे सदस्य आणि कर्मचारीही बहुतेक वेल्शभाषक. आयलीनबाई मधल्या काळात त्याच कौन्सिलवर निवडूनही गेल्या होत्या. तेव्हा परका कुणी येऊन भाषा दाबत होता, असं चित्र रंगवायची सोय नाही. टेबलाच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघेही घरी वेल्श बोलणारे. कागद तेवढा इंग्रजीत निघायचा. का, तर तो तसाच निघत आला होता. ‘पूर्वापार पद्धत’ या दोन शब्दांपुढे भलेभले कसे थकतात, हे तुमच्यातल्या सरकारी नोकरी केलेल्यांना मी सांगायला नको.

ही पूर्वापार पद्धत चारशे वर्षांची होती. आठव्या हेन्रीच्या राजवटीत, १५३६ मध्ये, वेल्स कायद्याने इंग्लंडला जोडला गेला. त्याच कायद्याने न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरवली आणि इंग्रजी न येणाऱ्याला सरकारी पदाची दारं बंद केली. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १५८८ मध्ये, विल्यम मॉर्गन यांचं संपूर्ण बायबल वेल्शमध्ये छापलं गेलं आणि भाषेला चर्चमध्ये, पुढे गावोगावच्या चॅपलमध्ये हक्काची जागा मिळाली. वेल्श माणसाच्या मनात एक वाटणी पक्की झाली: देवाशी वेल्शमध्ये बोलायचं, सरकारशी इंग्रजीत. सरकारचा माणसाच्या आयुष्यातला वाटा लहान होता तोवर हे खपून गेलं. विसाव्या शतकात शाळा, घर, पाणी, पेन्शन, दवाखाना असं सगळंच सरकारच्या अंगणात आलं आणि चॅपल ओस पडू लागली. १९०१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे जवळपास निम्मे होते. १९६१ मध्ये ते २६ टक्क्यांवर आले. या घसरणीला कोळशाच्या खाणींवर आलेले स्थलांतरित, दोन महायुद्धं, इंग्रजी शाळा अशी बरीच कारणं आहेत. पण भाषेच्या वाट्याला देव आला आणि सरकार आलं नाही, हे त्यांतलं एक मोठं कारण आहे असं मी मानतो.

व्याख्यानांनी काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी १३ फेब्रुवारी १९६२ ची तारीख सांगतो. त्या दिवशी नाटककार सॉन्डर्स लुइस यांनी बीबीसीच्या वेल्श रेडिओवर वार्षिक व्याख्यान दिलं. विषय होता भाषेचं भवितव्य. आहे असंच चालू राहिलं तर एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वेल्श ही जिवंत भाषा म्हणून उरणार नाही, असं त्यांचं भाकीत होतं. उपाय सांगताना ते कवितेकडे, शाळेकडे किंवा संमेलनाकडे वळले नाहीत. त्यांनी बोट ठेवलं ते बीझलींच्या घरपट्टीवर. वेल्शभाषक भागांत वेल्शशिवाय स्थानिक कारभार चालवणंच अशक्य करून सोडा, आणि हे एकट्यादुकट्याने नको, संघटितपणे करा, असं त्यांचं सांगणं होतं. त्याच वर्षी वेल्श भाषा सोसायटी स्थापन झाली आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये ॲबरिस्टविथच्या ट्रेवेखन पुलावर तरुण मुलांनी रस्ता अडवला. पुढे इंग्रजी पाट्यांना रंग फासण्याचं पर्व आलं. ते रंजक आहे, पण आज त्यात शिरत नाही.

कायदे हळूहळू येत गेले. १९६७ च्या कायद्याने वेल्शला काही बाबतींत इंग्रजीइतकीच वैधता दिली, मात्र कार्यालयांना हलवलं नाही. १९९३ च्या कायद्याने वेल्श भाषा मंडळाला वैधानिक दर्जा दिला आणि सार्वजनिक संस्थांवर आपापली भाषा-योजना तयार करण्याची जबाबदारी टाकली. योजना तयार झाल्या, छापल्या गेल्या. कुठे मनापासून राबवल्या गेल्या, कुठे कपाटात गेल्या. प्रत्येक कौन्सिलची योजना निराळी, आणि न पाळणाऱ्याला दंड नाही.

खरा फरक पडला तो २०११ च्या कायद्याने. वेल्शला वेल्समध्ये अधिकृत दर्जा मिळाला, मंडळ जाऊन भाषा आयुक्त हे पद आलं, आणि योजनांच्या जागी ‘मानकं’ आली. ३० मार्च २०१६ पासून वेल्सच्या बावीसही कौन्सिलांना ती लागू झाली. वाचायला ही मानकं अतिशय रुक्ष आहेत आणि त्या रुक्षपणातच त्यांची ताकद आहे. नागरिकाने वेल्शमध्ये पत्र लिहिलं तर उत्तर वेल्शमध्ये, एवढं तर पूर्वीही होतं. आता पहिलं पत्र कौन्सिलकडून जाणार असेल तर तुम्हाला कोणती भाषा हवी हे कौन्सिलनेच विचारायचं, आणि उत्तराची नोंद ठेवायची, म्हणजे पुन्हा सांगावं लागत नाही. फोन उचलणाऱ्याने वेल्शमध्ये अभिवादन करायचं. नव्या पाटीवर वेल्श मजकूर आधी वाचला जाईल अशा जागी लिहायचा. जागा भरताना तिथे वेल्श आवश्यक आहे, रुजू झाल्यावर शिकली तरी चालेल, की असली तर बरी, हे आधी ठरवून नोंदवायचं. कोणतंही नवं धोरण आखताना त्याचा वेल्शवर काय परिणाम होईल ते तपासायचं. शाळा बंद करायची असो वा बसमार्ग, हा प्रश्न फायलीवर आलाच पाहिजे. शिवाय पाच वर्षांचं भाषासंवर्धनाचं धोरण उद्दिष्टासह प्रसिद्ध करायचं. तक्रार आली तर आयुक्त चौकशी करतात आणि दंड पाच हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो. कौन्सिलच्या अंदाजपत्रकात ही रक्कम किरकोळ. पण चौकशीला उत्तर देणं कोणत्याही खातेप्रमुखाला किरकोळ वाटत नाही.

मला या सगळ्यात एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. बीझलींच्या काळात भाषा मागावी लागत होती, आणि मागणारा भांडखोर ठरत होता. हक्क कायद्यात आला तरी मागण्याचं ओझं नागरिकावरच राहतं, आणि बहुतेक माणसं मागत नाहीत. रांगेत मागे चार जण उभे असताना ‘वेल्श येणारं कुणी आहे का’ असं विचारायला कोण जातं? म्हणून वेल्समध्ये आता भर आहे तो न मागता देऊ करण्यावर. वेल्श येणारे कर्मचारी गळ्यात नारिंगी रंगाचा बिल्ला घालतात, बोलण्याचा फुगा असतो तसा. तो दिसला की विचारण्याचा संकोच संपतो. शिकाऊंसाठीही निराळा बिल्ला आहे, ही मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

‘पण इंग्रजी तर सगळ्यांनाच येतं!’ हा आक्षेप वेल्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो. रस्त्यावरच्या पाटीपुरता तो टिकेलही. पण तिथल्या कौन्सिलांकडे समाजसेवा आहेत: वृद्धांची देखभाल, मुलांचं संरक्षण. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा आधी निसटू शकते आणि माणूस बालपणीच्या भाषेत परततो. आयुष्यभर इंग्रजीत नोकरी केलेल्या आजींना देखभाल करणाऱ्या बाईंचं बोलणं एक दिवस कळेनासं होतं. वेल्शभाषक घरातल्या तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी आलेलंच नसतं. आरोग्य आणि समाजसेवांसाठी २०१२ मध्ये वेल्स सरकारने जे धोरण आणलं, त्यात सेवा आपणहून वेल्शमध्ये देऊ करण्याची कल्पना मध्यवर्ती होती, ती याच कारणाने. तिथे भाषा ही सेवेच्या दर्जाचा भाग ठरते.

देऊ करायची तर कचेरीत ती भाषा असायला हवी. इथे दोन वाटा दिसतात. एक स्वॉन्झीची. २००८ मध्ये तिथल्या कौन्सिलने अवजड वाहनांना मनाई करणारी पाटी करायला घेतली आणि इंग्रजी मजकूर भाषांतरासाठी ईमेलने पाठवला. वेल्शमध्ये उत्तर आलं, ते पाटीवर रंगवलं, पाटी उभी राहिली. वेल्श येणाऱ्यांनी वाचलं तेव्हा कळलं की भाषांतरकार सध्या कार्यालयात नाही, काम पाठवून ठेवावं, असं त्या पाटीवर लिहिलेलं आहे. जगभर लोक हसले. भाषांतरकाराचं यात काहीही चुकलेलं नव्हतं. मजकूर ज्या ज्या टेबलावरून गेला तिथे वेल्श वाचणारं कुणी नव्हतं, किंवा कुणी वाचलंच नाही. भाषांतर विभाग असला की बाकी कचेरी निर्धास्त होते. भाषा त्या एका खोलीत राहते आणि खोली बंद असली की संपते.

दुसरी वाट ग्विनेदची. वायव्य वेल्समधल्या या कौन्सिलने १९७४ मध्ये, स्थापनेपासूनच, द्विभाषिक धोरण धरलं आणि पुढे अंतर्गत कामकाज वेल्शमध्ये नेलं. टिपणी वेल्शमध्ये, बैठक वेल्शमध्ये, दोन कारकुनांमधला ईमेल वेल्शमध्ये. प्रत्येक पदाला भाषेची अट, कमी-जास्त. इंग्रजीत आलेल्या नागरिकाला इंग्रजीतच उत्तर मिळतं, त्यात कुचराई नाही. सभागृहात वेल्श न समजणारा सदस्य कानाला यंत्र लावून इंग्रजी भाषांतर ऐकतो. एरवी यंत्र कोणाच्या कानाला लागतं ते आठवून पाहा, म्हणजे ही उलटापालट किती मोठी आहे ते कळेल. यालाही किंमत आहे. अटीमुळे उमेदवार कमी मिळतात, आणि तज्ज्ञ पदांच्या बाबतीत ही तक्रार खोटी म्हणता येत नाही. ग्विनेदने ती किंमत मोजायची ठरवली आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार तिथे ६४.४ टक्के लोक वेल्श बोलतात म्हणून हे शक्य होतं, असं म्हणतात. मला वाटतं, कौन्सिल वेल्शमध्ये चालते हेही त्या ६४.४ मागचं एक कारण आहे. तरुणाला भाषेत नोकरी मिळते, आणि नोकरी मिळाली की तो गावात राहतो. ब्लायनाय ग्वेंट या जिल्ह्यात हेच प्रमाण ६.२ टक्के आहे. तिथे ग्विनेदचा नियम लावा म्हणणं पोरकटपणाचं होईल.

खरी परीक्षा मधल्या प्रदेशाची आहे, म्हणजे कारमार्दनशायरची. आपलं लांगेनेक याच जिल्ह्यात येतं. २००१ मध्ये तिथे निम्म्याहून किंचित जास्त लोक वेल्श बोलत. २०११ मध्ये ४३.९ टक्के. हा धक्का मोठा होता. कौन्सिलने अभ्यासगट नेमला, २०१४ मध्ये अहवाल आला आणि अंतर्गत कामकाज टप्प्याटप्प्याने वेल्शकडे नेण्याची दिशा ठरली. २०२१ चा आकडा ३९.९ टक्के. म्हणजे कार्यालय सुधारत गेलं आणि समाज निसटत गेला. त्यातच लांगेनेकची प्राथमिक शाळा पूर्ण वेल्श माध्यमाची करण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला, तेव्हा त्याच गावात पालकांत उभी फूट पडली. ज्या गावाने एका नोटिशीसाठी आठ वर्षांचा झगडा पाहिला तिथे वेल्श शाळा लादली जाते आहे अशी काहींची भावना झाली. त्यांना खलनायक ठरवून प्रश्न सुटत नाही.

संपूर्ण वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार लोक वेल्श बोलतात. २०५० पर्यंत दहा लाखांचं उद्दिष्ट सरकारने २०१७ मध्ये जाहीर केलं आहे. लुइस यांचं भाकीत खरं ठरलं नाही. पण हे आकडे पाहून कुणी निश्चिंत व्हावं असंही नाही. सेवा उपलब्ध असूनही लोक ती घेत नाहीत, हे दुखणं उरलंच आहे. ज्यांची ओळख इंग्रजीतून झाली ते दोन वेल्शभाषक सहकारी वर्षानुवर्षं इंग्रजीतच बोलत राहतात. बँगर विद्यापीठातल्या भाषाकेंद्राने या सवयीवरच काम सुरू केलं. बास्क प्रदेशातल्या प्रयोगाच्या धर्तीवर, एका कचेरीतले वेल्श येणारे सहकारी आपसांत वेल्शच बोलायचं असं ठरवून घेतात आणि ती नवी सवय रुळेपर्यंत टिकवतात. पैसा फारसा लागत नाही, चिकाटी लागते.

प्रश्नोत्तरांत मराठीचा विषय निघेल हे मला दिसतंय. आपला राजभाषा अधिनियम १९६४ चा. स्थानिक संस्थांसाठी वेगळा कायदा करावा लागला तो २०२२ मध्ये. तुलना जरूर करा, पण जपून. मराठी तिच्या राज्यात बहुसंख्यांची आहे, वेल्श स्वतःच्या घरात अल्पसंख्य आहे.

शेवटी गाडी अडते ती माणसांपाशी. कौन्सिलला वेल्श येणारे अभियंते, समाजसेवक, लेखापाल हवेत. ते शाळांतून यायचे, आणि शाळाही कौन्सिलच चालवते. २०२५ च्या वेल्श भाषा आणि शिक्षण कायद्याने सक्तीचं शिक्षण संपवताना प्रत्येक मूल स्वतंत्रपणे वेल्श वापरू शकेल, असं उद्दिष्ट २०५० साठी ठेवलं आहे. आज बालवाडीत बसलेली मुलं नोकरीचे अर्ज भरतील त्याला पंधरा-वीस वर्षं आहेत. तोवर कारमार्दनशायरच्या आस्थापना विभागाला आहेत त्याच माणसांत भागवावं लागणार आहे.