किमान तास ठरले, किमान दाम कोठे?



मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात एखादा कामगार ठरल्या वेळेपेक्षा अधिक राबला, तर त्या तासांचे दुप्पट वेतन त्याला कायद्याने मिळते. त्याच तालुक्यातील खाजगी शाळेची शिक्षिका स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी अंधार पडेपर्यंत थांबली, तर तिच्या वाट्याला काय येते? ‘विद्यादान’ हा शब्द! शब्द पवित्र आहे. परंतु दान स्वेच्छेने होते, सक्तीने नव्हे, याचे भान संस्थाचालकांनीही ठेवावयास हवे.

न्यायालयातही या उदात्ततेचीच किंमत शिक्षकाला मोजावी लागली. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने अध्यापनाला व्रत म्हणून गौरविले, आणि शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय दिला. हरियाणातील प्रकरणात 1996 साली किमान वेतन कायद्याचे दारही बंद झाले. 1948 चा तो कायदा जाऊन नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्या व्याख्येत पर्यवेक्षक आले, व्यवस्थापकही आले. अध्यापनाचा उल्लेख मात्र नाही. उलट 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी पूर्वतयारीसह आठवड्याचे किमान 45 तास ठरवून दिले आहेत.

मग शिक्षक निराधार आहे काय? मुळीच नाही. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा आहे, आणि तो अनुदानित व विनाअनुदानित अशा दोन्ही शाळांना लागू आहे. ‘अनुदान नाही, म्हणून श्रेणी नाही’ हे उत्तर त्यापुढे टिकत नाही. 1981 च्या नियमावलीत वेतनश्रेणी आहेत, नेमणूक आदेशाचा नमुनाही आहे. कसारा-खर्डीपासून टोकावड्यापर्यंत ज्या डी.एड., बी.एड. तरुणांनी तोंडी शब्दावर नोकरी पत्करली असेल, त्यांनी प्रथम हा आदेश लेखी मागावा आणि वेतन बँकेतूनच घ्यावे. कागदावाचून हक्क सिद्ध करणे फार कठीण जाते.

आणि कायदा बदलतोही. उपदानाचा हक्क 2004 च्या निकालाने शिक्षकांना नाकारला गेला होता. संसदेने 2009 साली दुरुस्ती करून तो 3 एप्रिल 1997 पासून दिला आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. हक्क मागितला म्हणून कोणाला सेवेतून काढलेच, तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते; मात्र आदेश हाती पडल्यापासून 30 दिवसांच्या आत.