सॅक आधी काट्यावर, मग पाठीवर

आम्ही खोपोलीहून बोलतोय. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या आपण, आपल्याला सॅक कशी घ्यायची हे कोण शिकवणार, असं आम्हालाही वाटायचं. भीमाशंकरच्या वाटेनंच ते शिकवलं.

गेल्या थंडीत गटातल्या अकराजणी खांडसहून भीमाशंकरला पायी निघालो. शिडी घाट अवघड, म्हणून गणेश घाटाची लांबची पण सोपी वाट धरली. एका काकूंकडे भाच्याची मोठी सॅक होती, रिकामीच दोन किलोंच्या वर. आत जागा दिसली तशी आम्ही प्रत्येकीनं आपली चादर नाहीतर डबा त्यात कोंबला. काकू काही बोलल्या नाहीत. ओझं हलकं करायला त्यांनी गुपचूप पाण्याच्या बाटल्या काढून ठेवल्या. पदरवाडीच्या पुढच्या चढावर त्यांना घेरी आली. सावलीत बसवलं, पाणी पाजलं, सामान वाटून घेतलं, तेव्हा कुठे त्या वर पोचल्या. चूक काकूंची नव्हती, आमची होती.

आता हिशेब बघा. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं, असं केंद्र सरकारचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. दिवसभराच्या चालीला आपणही तेच माप धरू. बाई ५० किलोंची, तर ओझं ५ किलो. त्यात दोन लिटर पाणी म्हणजे २ किलो. भाकरी, गूळ, शेंगदाणे १ किलो. शाल, रेनकोट, औषधं, बॅटरी आणखी १ किलो. सॅकसाठी उरला एकच किलो. सॅक दोन किलोंची घेतली, की एक लिटर पाणी घरी राहिलं म्हणून समजा.

म्हणून दुकानात आधी रिकामी सॅक हातात तोला. घरी एखादी असेल, तर किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. एका दिवसाला २० ते २५ लिटरची पुरते. ‘लिटर’ म्हणजे आत मावणारी जागा. जागा जास्त असली की सामानही जास्त भरलं जातं.

मग दुकानातच सामान भरून ती पाठीवर घ्या आणि दहा मिनिटं फिरा. खांद्याचे पट्टे रुंद, मऊ हवेत. बारीक पट्टा खांद्यात रुततो, हाताला मुंग्या येतात. सॅक पाठीला चिकटून बसावी, ढुंगणाखाली लोंबू नये. छातीवरचा पट्टा गळ्याशी येत नाही ना, तेही बघा. साडी नेसत असाल तर साडीवरच घालून बघा. पदर आधी खोचा, पट्ट्याखाली चुणी राहिली तर खांदा सोलतो. पट्टा जोडलाय तिथली शिवण गटातल्या शिवणकामवाल्या ताईला दाखवा. आधी तिथंच उसवतं.

भरताना जड वस्तू पाठीला लागून, मधोमध ठेवा. पाणी हाताशी ठेवा. पावसाचा भरवसा नाही, म्हणून आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सामान त्यात ठेवा. आणि पावसाळ्यात शिडी घाटाच्या वाटेला जाऊच नका.

शेवटचं सांगतो. आता आमच्या गटाचा नियम आहे: निघण्याआधी प्रत्येकीची सॅक काट्यावर चढते. जिची जड, तिचं सामान सगळ्याजणी वाटून घेतात. पाणी मात्र कुणीच काढायचं नाही. घरात सगळ्यांचं ओझं आपण न बोलता उचलतो. निदान डोंगरावर तरी, ‘मला जड होतंय’ हे तोंडानं म्हणायची सवय लावून घेऊ या.

पुढच्या सहलीला निघाल, तेव्हा आधी काटा आठवा.